चार

रायमुनिया काढताना ओढायचं नाही.
हे मला कोणी शिकवावं लागलं नाही.
पाचपावलीच्या गल्लीत माझा बाप
गुंतलेल्या सुताच्या लडीपुढे तासन्‌तास बसायचा,
म्हणायचा, ओढशील तर गाठ,
टोक शोधशील तर धागा.
माग विकले त्याला पंचवीस वर्षं झाली.
टोक शोधायची खोड तेवढी बोटांत राहिली.

रविवारी सहाला, सेमिनरी हिल्सच्या मागच्या उतारावर
आम्ही नऊ-दहा जण.
तुळसाबाई मडावी, नर्सरीतून रिटायर झालेल्या;
बँकेतला ठवकर, हातमोजे नेहमी नवे;
गजभियेंची जुळी पोरं, टिकासपेक्षा थोडीशीच उंच
आणि तरी टिकास सोडत नाहीत;
आणि मी, डॉक्टरनं चालायला सांगितलं म्हणून आलेला.

पौषातली थंडी. बोललं की वाफ.
पुढ्यात रायमुनिया:
फुलं पाहाल तर लग्नघरची, गुलाबी-पिवळी,
देठ चौकोनी, काटे उलटे,
पान चुरगळलं तर मांजराच्या मुताचा वास.
धावड्यावर चढलेली, तेंदूवर पसरलेली,
बेहड्याच्या बुडाशी उजेडाचा एक ठिपका पडू देईल तर शपथ.

विळ्यानं वरचं कापायचं,
मुळाच्या मानेखाली टिकास मारायची,
मग उलटी टांगून ठेवायची, मुळं आभाळाकडे.
मातीला टेकली तर पुन्हा संसार मांडते.
तुळसाबाई म्हणतात, "हिले मरनं माहीतच नाई ना बापा."

आता जे सांगायचं आहे ते.

तिसऱ्या की चौथ्या रविवारी
मी घाईत होतो, घरी पाहुणे येणार होते.
जाळीत हात घालून सपासप कापत गेलो
आणि एक देठ विळ्याखाली जरा वेगळा लागला.
काटा नाही. चौकोन नाही.
कापल्यावर यायला हवा तो वास आलाच नाही.

चारचं रोप होतं.
गुडघाभर. जाड पानं, शिरा बरगड्यांसारख्या,
मागून मऊ लव.
त्या अंधारात किती वर्षं उभं होतं कोण जाणे,
की कोणीतरी येईल
आणि वरचं हे छप्पर काढेल.
आलो तो मी.

कोणी पाहिलं नाही.
मी ते स्वेटरच्या आत, बनियनला लागून लपवलं
आणि घरी नेलं,
जसं काही तिथं त्याचं काही होणार होतं.
बायकोनं विचारलं, हे काय?
म्हटलं, पाला.

पुढच्या रविवारी, नऊच्या सुटीत,
जुळ्यांची उकडलेल्या बोरांच्या बिया
लांब थुंकायची शर्यत चालली होती,
ठवकर मोजत होता, आज किती ढीग.
मी लघवीचं निमित्त करून खाली उतरलो.
खुंट जागेवर होता, करंगळीएवढा,
आणि त्याच्याभोवतीची माती ओली.
दव इतकं पडत नाही.
कोणीतरी पाणी घातलं होतं,
पाय पडू नये म्हणून तीन दगड मांडले होते.

वर आलो. तुळसाबाई बाटली उलटी धरून
शेवटचा थेंब झटकत होत्या.
माझ्याकडे पाहिलं नाही.
पोरांना सांगत होत्या,
"लहानपनी आमी चार विकाले बसो बसस्टँडवर."
"चारच?"
"चारच नाई रे पोट्ट्या. चार. फळ राह्यते."
पोरं हसली. मीही हसलो, जरा उशिरा.

अजून फुटलेलं नाही. फुटेलच असं नाही.
वैशाखात इथला खडक तापला की
कोणता खुंट जिवंत आहे
ते आषाढ सरेपर्यंत कळत नाही.
तोवर काहीही कापण्याआधी
मी पान चुरगळतो, नाकाशी नेतो.
यात माझी रांग सगळ्यांच्या मागे राहते.
ठवकर म्हणतो, काका, आज तुमचा ढीग लहान.

लहान आहे.